ताकदीचा आकडा आणि घड्याळ

जडत्व शिकवताना दोन दोऱ्यांचा प्रयोग पुष्कळ शिक्षक करून दाखवतात. एक किलोचे वजन दोऱ्याने खुंटीला टांगायचे आणि त्याच वजनाला खालच्या बाजूने तसाच दुसरा दोरा बांधायचा. खालचा दोरा सावकाश ओढत नेला तर वरचा तुटतो. त्याला एकदम हिसका दिला तर खालचाच तुटतो. मुले खूश होतात, फळ्यावर ‘जडत्व’ असा शब्द लिहिला जातो आणि तास पुढे सरकतो. प्रयोग उत्तम आहे. आमची तक्रार आहे ती त्याच्या स्पष्टीकरणाबद्दल, कारण ते अर्ध्या वाटेवर थांबते. कोणता दोरा तुटला एवढे त्यातून कळते. तुटताना दोऱ्याने किती ताण सोसला, आणि दोन्ही वेळा तो सारखाच होता का, हे कोणी विचारत नाही. तो सारखाच असणार असे आपण धरून चालतो. पदार्थांच्या नावांपुढे त्यांच्या ताकदीचा एकेक आकडा छापलेले तक्ते आपण विद्यार्थिदशेपासून पाहत आलो आहोत. काचेपुढे एक आकडा, काँक्रीटपुढे एक, काळ्या पाषाणापुढे एक. ताण त्या आकड्याला पोचला की वस्तू तुटली.

हा समज ठिसूळ पदार्थांच्या बाबतीत अपुरा आहे, आणि भार जलद येत असेल तर तो सरळ फसवा ठरतो. तक्त्यातल्या आकड्याला घड्याळाची जोड हवी, हे आता सर्वमान्य आहे. पण घड्याळ जोडून जी सूत्रे तयार झाली त्यांनी तरी तडा केव्हा सुरू होईल याचे भाकीत करता येते का? या लेखात तक्ता आणि ही सूत्रे दोन्ही तपासावयाची आहेत. येथे ‘ताण’ हा शब्द आम्ही दर एकक क्षेत्रफळावरील बलासाठी वापरणार आहोत. एक मेगापास्कल ताण म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे दहा किलो वजनाचा भार, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

प्रथम दोऱ्याकडेच वळू. हिसका ‘जलद’ होता असे आपण म्हणतो, पण कशाच्या मानाने जलद? एक किलो वजनाने दोरा एक सेंटिमीटर ताणला जात असेल तर ते वजन त्या दोऱ्यावर सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागात एक झोका पूर्ण करते. वरच्या दोऱ्यापर्यंत ओढ पोचायला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, तरी लागतो. हिसका त्याहून कमी वेळात आटोपला तर वरच्या दोऱ्याला बातमीच कळत नाही. म्हणजे ‘जलद’ हा शब्द एकटा निरर्थक आहे. त्याला तुलनेसाठी दुसरे एखादे घड्याळ लागते. येथे ते घड्याळ वजन आणि दोरा यांनी मिळून बनलेले आहे.

जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ साली लोखंडी तारेवर जवळजवळ असाच प्रयोग केला होता. तार वर पक्की बसवलेली, खालच्या टोकाला एक अडसर, आणि तारेवरून घसरत येऊन त्या अडसरावर आदळणारे वजन. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. तार तुटेल की नाही हे वजन किती जड आहे यापेक्षा ते किती उंचीवरून, म्हणजे किती वेगाने, येते यावर मुख्यतः ठरत होते. शिवाय तार पुष्कळदा खाली, आघाताच्या जागी, न तुटता वरच्या पक्क्या टोकाशी तुटत होती. आघाताने निघालेली ताणाची लाट वर जाते, पक्क्या टोकावरून परावर्तित होते आणि तेथे येणारी व जाणारी लाट एकमेकींत मिळून ताण दुप्पट होतो. त्यांचे चिरंजीव बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९०५ साली हाच विषय पुढे नेला. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच्या काळापुरता लोखंडी तार नेहमीच्या मर्यादेच्या सुमारे दीडपट ताण काही इजा न होता सोसते, असे त्यांनी दाखवले. लोखंड काही ठिसूळ नव्हे. तरीही ‘किती’ या प्रश्नाला ‘किती वेळ’ हा प्रश्न चिकटला तो तेव्हापासून. शाळेतला दोऱ्याचा प्रयोग मात्र सव्वाशे वर्षांनंतरही पहिल्याच प्रश्नावर थांबलेला आहे.

ठिसूळ पदार्थांचे शास्त्र सुरू झाले ते काचेपासून. फार्नबरो येथील विमानसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांचा या विषयावरचा प्रबंध १९२०-२१ साली प्रसिद्ध झाला. काचेतील रेणूंचे बंध पाहता तिने जेवढा ताण सोसायला हवा, त्याच्या कितीतरी कमी ताणाला खिडकीची काच फुटते. मात्र काचेचे अतिशय बारीक धागे ओढले तर ताकद झपाट्याने वाढते. ग्रिफिथ यांचे उत्तर असे की काचेत आधीपासूनच सूक्ष्म भेगा असतात. भेग लांबली की आसपासची साठलेली ऊर्जा मोकळी होते, आणि नवे पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते. मोकळी होणारी ऊर्जा लागणाऱ्या ऊर्जेला भारी पडली की भेग धावू लागते. नेहमीच्या काचेच्या पृष्ठभागावर पन्नास मायक्रोमीटर खोलीची भेग असेल तर हिशेबाने सुमारे ६० मेगापास्कल ताण निघतो. भेग चौपट खोल असेल तर ताण निम्मा, म्हणजे ३०. काच कापणारा कारागीर हिऱ्याच्या लेखणीने एक चरा ओढतो आणि मग नुसत्या बोटांनी काच मोडतो, त्यामागे हेच गणित आहे.

यातून तक्त्यातल्या आकड्याचा निम्मा दिमाख उतरतो. ताकद हा काचेचा गुण राहत नाही. तो काच आणि तिच्यावरची सर्वांत वाईट भेग या जोडीचा गुण ठरतो. स्वीडनच्या वायबुल यांनी १९३९ साली याला संभाव्यतेचे रूप दिले. साखळी तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढीच बळकट, आणि साखळी जितकी लांब तितकी एखादी फार दुबळी कडी तिच्यात असण्याची शक्यता जास्त. म्हणून मोठा ठोकळा लहान ठोकळ्यापेक्षा कमी ताणाला तडकतो.

ग्रिफिथ यांच्या सूत्रात सौंदर्य आहे, पण काळ नाही. ऊर्जेचा जमाखर्च जुळला की भेग निघाली. जुळायला किती वेळ मिळाला याचा उल्लेख त्यात कोठेही येत नाही. ही उणीव सावकाश भारातही भासते. काचेवर बेताचा भार वर्षानुवर्षे ठेवला तर हवेतील बाष्प भेगेच्या टोकाशी बंध तोडत राहते, आणि काही मिनिटे सहज सोसलेल्या ताणाच्या निम्म्याच ताणाला ती काच एक दिवस तडकते. पण ती संथ रसायनक्रियेची गोष्ट झाली. जलद भाराची गोष्ट निराळी आहे, आणि ती दगडाच्या साहाय्याने अधिक चांगली समजते.

आम्ही राहतो त्या सावेडीत पाईपलाईन रोडच्या बाजूला इमारतींचे पाये खणताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. दख्खनचा हा बेसाल्ट दाबाला भलताच चिवट आणि ओढीला दुबळा असतो. ओढ सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकीच. पाथरवट या दुबळेपणाचाच फायदा घेतो. चिऱ्याची रेषा आखून तो टाकीने ओळीने भोके पाडतो, त्यांत पोलादी पाचरा बसवतो आणि घणाने एकेका पाचरेवर आळीपाळीने ठोके घालतो. मध्ये थांबतो, कान देतो. दगड आखलेल्या रेषेवर दोन तुकड्यांत उकलतो. तोच दगड डायनामाइटने उडवला तर खडी होते. म्हणून इमारतीचे चिरे काढण्यासाठी खाणकामगार पूर्वापार साध्या काळ्या दारूला पसंती देत आले. ती भडकते, पण दाब चढायला मिलिसेकंदांचा काळ घेते. उच्चस्फोटकाचा दाब मायक्रोसेकंदांत चढतो. एक मिलिसेकंद म्हणजे हजार मायक्रोसेकंद. आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाखाली १५९६ च्या फेब्रुवारीत मोगलांनी जे सुरुंग पेरले ते या काळ्या दारूचेच होते. काही सुरुंग आतल्या लोकांनी हुडकून निकामी केले. जो उडाला त्याने सुमारे पन्नास वार लांबीचा तट कोसळला, आणि चांदबीबीने ते खिंडार रातोरात भरून काढले.

दगड तोच, मग वेळ बदलल्याने तुकड्यांची संख्या का बदलते? याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफगोळ्यांच्या ठिकऱ्यांचा अभ्यास करताना नेव्हिल मॉट यांनी दिले, आणि आमच्या मते या सगळ्या विषयातली शिकवण्याजोगी कल्पना हीच आहे. दगडात लहानमोठ्या हजारो भेगा असतात. भार सावकाश चढत असेल तर सर्वांत मोठी भेग आधी निघते. ती निघताच तिच्या आजूबाजूचा ताण उतरतो, आणि ‘ताण उतरला’ ही बातमी दगडातून लाटेच्या वेगाने पसरते. बेसाल्टमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाला पाच मिलिमीटर आहे. बातमी पोचली की शेजारच्या भेगा आपापल्या जागी स्वस्थ बसतात. म्हणून तुकडे दोन. भार फार जलद चढला तर ही बातमी शेजाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच शेजाऱ्याचीही वेळ भरते, त्याच्या शेजाऱ्याचीही भरते, आणि असंख्य भेगा एकदम निघतात. म्हणून खडी. आता हेही उघड आहे की सर्वांत दुबळ्या कडीचा नियम येथे लागू पडत नाही. पहिली भेग धावून दगड दुभंगेपर्यंत ताण आणखी वर गेलेला असतो आणि पुष्कळ बळकट जागांनाही तोंड द्यावे लागते. मोजणाऱ्याला वाटते की दगडाची ताकद वाढली. खरे पाहता दगड होता तसाच आहे. दुबळेपणाला आपले काम उरकायला वेळ मिळाला नाही, इतकेच.

हे सारे एका सूत्रात बसवण्याचे अनेक प्रयत्न झाले. १९६८ साली ट्यूलर आणि बुचर यांनी ठरावीक मर्यादेवरच्या ताणाची कालावधीनुसार बेरीज करण्याची पद्धत सुचवली. ठिसूळ पदार्थांसाठी सर्वांत नेटके सूत्र आम्हाला वाटते ते पीटर्सबर्गच्या युरी पेत्रोव आणि निकिता मोरोझोव यांचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याची सुरुवात झाली आणि १९९४ साली ते इंग्रजीत सविस्तर प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक पदार्थाला एक ‘उबवणकाळ’ असतो. एखाद्या क्षणी ताण किती आहे हे पाहू नका. त्या क्षणाच्या मागे एक उबवणकाळ जा आणि तेवढ्या अवधीतील ताणाची सरासरी काढा. ती सरासरी नेहमीच्या ताकदीएवढी झाली की तडा सुरू होतो.

दहावीचा विद्यार्थीही हे गणित करू शकेल. समजा, एका दगडाची नेहमीची ताकद १० मेगापास्कल आणि उबवणकाळ १० मायक्रोसेकंद आहे, आणि ताण एकसारख्या दराने चढतो आहे. दर मायक्रोसेकंदाला एक मेगापास्कल असा दर असेल तर शेवटच्या दहा मायक्रोसेकंदांतील सरासरी ही अखेरच्या ताणापेक्षा पाचाने कमी भरते. म्हणून दगड तडकेपर्यंत ताण १५ ला पोचतो. दर दहापट केला तर भार सुरू होऊन उबवणकाळ पुरा होण्यापूर्वीच तडा जातो आणि ताण सुमारे ४५ ला पोचतो. उलट सेकंदाला एक मेगापास्कल अशा संथ दराने चढवला तर फरक शून्यवत, आणि तक्त्यातला १० हा आकडा खरा ठरतो. एका जादा संख्येने केवढे काम झाले पाहा! आणखी एक गोष्ट या सूत्राच्या बाजूने सांगितली पाहिजे. ताणाचा झटका अगदी लहान असेल तर तडा ताणाच्या शिखरावर सुरू न होता ताण उतरू लागल्यावर सुरू होईल, असे त्यातून निघते. शिखराचा आकडा पाहणाऱ्या कोणत्याही नियमाला हे सांगताच येत नाही, आणि प्रयोगांत असा उशीर आढळलेला आहे.

मग आक्षेप कशाला? एक तर उबवणकाळात काय उबते हे सूत्र सांगत नाही. पदार्थाची ताकद आणि भेगेला विरोध करण्याची क्षमता यांवरून एक लांबी काढता येते. ती लांबी ओलांडायला लाटेला लागणारा वेळ हाच उबवणकाळ असता तर प्रश्न मिटला असता. पण काचेसारख्या बहुवारिकांच्या प्रयोगांतून निघणारा उबवणकाळ त्या वेळापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणजे आतल्या सूक्ष्म भेगांची काही हालचाल त्यात दडलेली आहे आणि सूत्राने तिला केवळ नाव दिले आहे. दुसरे असे की उबवणकाळ काढतात तो जलद भाराच्या प्रयोगांतूनच, आणि मग त्याच जातीच्या प्रयोगांचे भाकीत त्यावरून करतात. निराळ्या आकाराच्या नमुन्यावर, निराळ्या आकाराच्या झटक्यावर तोच आकडा टिकला तर ते भाकीत. नाहीतर ती मोजमापाची नोंद.

मोजमापावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्या १९१४ सालच्या दांड्यावरून कोल्स्की यांनी १९४९ साली जे उपकरण बनवले, त्यात दोन लांब दांड्यांमध्ये नमुना ठेवून आघात करतात. काँक्रीट त्यात दाबले तर जलद भाराखाली त्याची ताकद भरमसाट वाढल्याचे दिसते. पण दाबलेला नमुना बाजूंना फुगू पाहतो, आणि आघात इतका जलद असतो की त्याचेच जडत्व त्याला फुगू देत नाही. जणू नमुन्याला बाहेरून कडे घातले आहे. २००३ साली ली आणि मेंग यांनी दाखवले की दाबाखालील या वाढीचा बराच भाग पदार्थाचा नसून या कड्याचा आहे. नमुना जाड घेतला की ‘ताकद’ वाढते! मुलांना जडत्व शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे: दोन दोऱ्यांमधले वजन येथे नमुन्याच्या पोटातच बसलेले आहे.

आता प्रयोगशाळेतून बाहेर पडू. ठिसूळ पदार्थात जलद भाराने तडा कोठे आणि केव्हा जाईल याचे भाकीत करू पाहणाऱ्या जगभरच्या संशोधकांना महाराष्ट्रातले एक नाव पाठ असते, ते म्हणजे कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दोनशेच्या आसपास माणसे गेली. रबल काँक्रीटचे १०३ मीटर उंच धरण उभे राहिले, पण ज्या भागांवरून पाणी सोडले जात नाही त्यांपैकी सर्वांत उंच भागांना आडवे तडे गेले. तळापासून सुमारे ६६ मीटरवर, जेथे धरणाच्या पाठीचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास हे तडे होते. धरणातील उपकरणाने कंपन नोंदवले होते. धरणाला आडव्या दिशेतील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मे भरले. संकल्पचित्र करताना भूकंपाचे बल वजनाच्या पाच टक्के धरलेले होते. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नाही, कारण एक क्षणिक शिखर आहे आणि दुसरा कायम धरलेला भार. तरीही दरी केवढी आहे ते कळावे. पुढे तडे भरून काढले गेले आणि त्या भागांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन धरण बळकट करण्यात आले.

इतके मोठे धरण, नोंदलेले कंपन आणि दिसलेला तडा असा त्रिवेणी संगम क्वचितच मिळतो. म्हणून नवे संगणकीय सूत्र आले की ते कोयनेवर चालवून पाहण्याचा परिपाठ पडला आहे. १९७३ साली बर्कलेच्या अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी दाखवले की उतार बदलतो तेथेच ओढीचा ताण काँक्रीटच्या मर्यादेबाहेर जातो. १९९३ साली भट्टाचार्जी आणि लेजे यांनी काँक्रीटची ओढीची ताकद दीड मेगापास्कल धरली व जलद भारासाठी तीत वीस टक्के भर घातली. १९९८ साली ली आणि फेन्व्ज यांनी २.९ मेगापास्कल धरली. दोघांनाही तडा मिळाला तो उतार बदलतो त्याच भागात.

याला पुरावा म्हणावे का? आमचे उत्तर आहे: जागेचा पुरावा म्हणावे, क्षणाचा म्हणू नये. ताकद जवळजवळ दुप्पट धरूनही तडा त्याच जागी येत असेल तर ती जागा धरणाच्या आकाराने ठरवली आहे. ताकदीच्या आकड्याची तेथे परीक्षा झालीच नाही. उपकरणाने हादरे नोंदवले, तडा कोणत्या सेकंदाला सुरू झाला हे नोंदवले नाही. संगणकाच्या चित्रात तो चौथ्या सेकंदाला सुरू झाला काय किंवा पाचव्या, त्याला खोटे पाडायला कोणी साक्षीदार नाही. कोयनेशी जुळले म्हणून सूत्र सिद्ध झाले, असे निबंधांतून वाचायला मिळते तेव्हा वाचकाने विचारावे, काय जुळले?

जलद भारासाठी घातलेल्या भरीकडेही येथेच पाहू. जेरोम राफेल यांनी १९८४ साली, भूकंपात काँक्रीटची ओढीची ताकद दीडपट धरावी अशी शिफारस केली आणि धरणांच्या हिशेबात ती रुळली. ही दीडपट उबवणकाळातून निघते का? कोयनेचा उंच भाग सुमारे एक तृतीयांश सेकंदात एक झोका घेतो. म्हणजे ताण शून्यापासून शिखरावर जायला सुमारे ८० हजार मायक्रोसेकंद मिळतात. उबवणकाळ उदार मनाने १०० मायक्रोसेकंद धरला तरी वरच्या पद्धतीने ताकदीतील भर हजारात एक हिस्साही येत नाही. पन्नास टक्क्यांचा तर प्रश्नच नाही. मग प्रयोगांत दिसलेली वाढ कोठून आली? पॅरिसच्या पियेर रॉसी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले प्रयोग येथे महत्त्वाचे आहेत. या मध्यम वेगांत ओल्या काँक्रीटची ताकद वाढते, वाळवलेल्या काँक्रीटची जवळजवळ वाढत नाही. दोन ओल्या काचा एकमेकींपासून झटकन ओढून पाहा, त्या चिकटल्यासारख्या वाटतात. सावकाश ओढल्या तर सुटतात. काँक्रीटच्या छिद्रांतले पाणी भेगेच्या दोन ओठांना तसेच धरून ठेवते. म्हणजे ‘जलद भाराने ताकद वाढते’ या एका वाक्याखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: सुरुंगाच्या वेगाला भेगांची आपापसातील शर्यत आणि भूकंपाच्या वेगाला पाणी. धरणाच्या पोटातले काँक्रीट वर्षानुवर्षे ओलसर राहते. उन्हाकडची साल मात्र कोरडी असते, आणि तडा सुरू होतो तो सालीपासून. तेथेही दीडपटच धरायची का, हा प्रश्न आम्हाला अगदी व्यवहारातला वाटतो.

व्यवहारातले दुसरे प्रकरण याहून घराजवळचे आहे. दगडखाणीशेजारच्या वस्तीत भिंतीला तडा दिसला की वाद ठरलेला. घरमालक म्हणतो, सुरुंगाने गेला. खाणवाला म्हणतो, जुनाच आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांजवळ जमिनीच्या कंपनाचा वेग किती असावा याची मर्यादा दिली आहे. कंपने सेकंदाला आठपेक्षा कमी असतील तर ५ मिलिमीटर प्रतिसेकंद, आठ ते पंचवीस असतील तर १०, त्याहून जलद असतील तर १५. एकाच घराला तीन आकडे! उबवणकाळ वाचलेल्या उत्साही वाचकाला वाटेल की हा त्याचाच सरकारी अवतार. तसे नाही. घर स्वतः एका ठरावीक लयीत झुलते, आणि संथ कंपने त्या लयीशी जुळली की झोका वाढतो. म्हणून संथ कंपनांना मर्यादा कडक. हेही घड्याळच, पण दोऱ्यावरच्या वजनाच्या जातीचे. या वादात खाणीकडून एखादा प्रयोगशाळेचा दाखला येतो आणि त्यावर विटेची किंवा दगडाची ताकद एका आकड्यात लिहिलेली असते. भार कोणत्या वेगाने चढवून, किती नमुन्यांवर, ओल्या की कोरड्या, हे त्यावर नसेल तर घरमालकाने त्या आकड्यापुढे मान तुकवण्याचे कारण नाही. आणि तडा सुरुंगाआधी होता की नाही हे कोणतेही सूत्र सांगणार नाही. ते सांगेल ती सुरुंगाआधी, तारीख टाकून केलेली भिंतीची पाहणी.

वर्गात काय करता येईल? खडूची एक पेटी घ्यावी. दोन पुस्तकांवर खडूची टोके टेकवून मधोमध दोऱ्याने डबी अडकवावी आणि डबीत चिमूटचिमूट वाळू टाकत जावे. खडू मोडला की डबी तोलावी. तीस खडूंचा तक्ता फळ्यावर लिहावा. एकाच पेटीतल्या सर्वांत दुबळ्या आणि सर्वांत बळकट खडूत दीडपट-दुपटीचा फरक पडू शकतो, आणि ‘खडूची ताकद किती?’ या प्रश्नावर वर्ग आपोआप भांडू लागतो. मग काही खडू लांब, काही अर्धे करून, टेकूंतले अंतर तेच ठेवून पाहावे. काही रात्रभर ओल्या फडक्यात ठेवून पाहावे. शेवटी वाळूऐवजी डबीत एक लहान दगड निरनिराळ्या उंचीवरून सोडावा, आणि कोणत्या उंचीला खडू मोडतो ते दगडाचे वजन दुप्पट करून पुन्हा बघावे. हॉपकिन्सन यांच्या तारेप्रमाणे येथेही वजनापेक्षा उंचीच महत्त्वाची ठरेल का, हे आधी मुलांकडून अंदाजाने लिहून घ्यावे. येथे डबी आणि दोराही मध्ये आहेत, त्यामुळे उत्तर तितके सरळ येणार नाही. दोरा आखूड-लांब करून पाहिला की का येत नाही तेही कळू लागते.